इंचातलं उत्तर

गोदामात दोनशे चौदा भोपळे होते. एकशे छत्तीस अखंड, देठासकट. अठ्ठावन्न तोंड कापून आतून साफ केलेले. उरलेले वीस तंबोऱ्याचे, इतके मोठे की माझ्या कवेत एकही पुरता मावत नव्हता. बांबूच्या चार मांडण्या, त्यांची सगळ्यात खालची फळी जमिनीपासून दोन फुटांवर. एक खिडकी, ओढ्याच्या बाजूला. एक दार, गल्लीच्या बाजूला. त्याचा उंबरठा गल्लीपेक्षा सात इंच उंच.

"झालं मोजून?" दस्तगीरचाचांनी दारातून विचारलं.

"दोनशे चौदा."

"माझ्या हिशोबानं दोनशे पंधरा."

मी पुन्हा पहिल्या मांडणीकडे वळले तसे ते हसायला लागले. "ऱ्हाऊ दे पोरी. एक माझ्या हातात हाय."

दस्तगीरचाचा म्हणजे इर्शादचे वडील. त्यांचे आजोबा मिरजेहून इथं, कृष्णेच्या खालच्या अंगाला आमच्या गावात येऊन राहिले आणि येताना सतारी-तंबोरे घडवण्याचा धंदा घेऊन आले. इर्शाद आणि मी एम.एस्सी.ला एका वर्गात होतो, दोघांचंही भौतिकशास्त्र. परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता, नोकरी मिळायची होती. त्या मे महिन्यात आम्ही गावाच्या पुराचं मॉडेल करायला घेतलं होतं.

कल्पना इर्शादची. गावाच्या नकाशाचे बारीक चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाची उंची कॉम्प्युटरला द्यायची आणि नदीचं पाणी सोडून द्यायचं. मग दर क्षणाला प्रत्येक चौकोन शेजारच्याला विचारत राहतो, तुझं पाणी माझ्यापेक्षा वर आहे का? वर असेल तर थोडं इकडे येतं. हिशोब सोपा, फक्त तो एकाच वेळी लाखो ठिकाणी करावा लागतो. ते काम ग्राफिक्स कार्ड करतं. ही कार्डं बनवली गेली गेममधली चित्रं पळवण्यासाठी, पण त्यांना गेम काय आणि पूर काय, सारखंच.

उंच्या आम्ही स्वतः मोजल्या. कॉलेजच्या सिव्हिल विभागातून लेव्हलची दुर्बीण मागून आणली. मी दुर्बिणीला डोळा लावायचा, इर्शादनं आकडे रंगवलेली पट्टी एकेका उंबरठ्यावर उभी धरायची. शेजारच्या पिठाच्या गिरणीचे गुरवकाका रोज विचारायचे, "रस्ता रुंद करणार काय रं? माझी गिरणी सोडून करा."

"पुराचं मोजतोय, काका."

"पूर मोजून यायचा थांबतोय व्हय?"

भोपळे मोजायचं कारण चाचांनीच दिलं होतं. हे भोपळे भीमेकाठाहून येतात आणि नंतर वर्षानुवर्षं वाळतात. तीन वर्षं वाळलेला भोपळा सतारीला चालतो, तंबोऱ्याला सहा-सात लागतात. चाचा बोटाच्या पेरानं भोपळ्यावर टकटक करायचे आणि कान लावायचे. काही भोपळे ते परत ठेवून द्यायचे. "अजून ह्यात पाणी हाय," म्हणायचे.

पूर आलाच तर भोपळे टेकावरच्या शाळेमागच्या वखारीत हलवता येत होते. वखारवाला ओळखीचा, जागा द्यायला तयार होता. पण वाळलेला भोपळा प्रवासाला भितो. टेंपोत कितीही गवत घाला, दहातला एक तडकतोच. म्हणजे हलवले तर वीस-एकवीस नक्की जाणार. नाही हलवले आणि पाणी दोन फुटांच्या आत राहिलं, तर एकही नाही. दोन फुटांच्या वर गेलं, तर मांडणी धरून बसलेल्या बांबूंचा भरवसा नाही.

"तेवढं एक मला सांगा," चाचा म्हणाले. "पुलाच्या खांबावर रंगवलेल्या आकड्यांत अठ्ठेचाळीस फूट पाणी असंल, तवा माझ्या गोदामात किती असंल?"

पाणी ताटातल्या आमटीसारखं सपाट पसरत असतं, तर दुर्बिणीवरूनच सांगता आलं असतं. पण गोदामाच्या मागं ओढा आहे. नदी चढली की ओढा उलटा फिरतो, मोरीत अडतो, भिंतींना वळसे घालतो. त्यासाठी मॉडेलच हवं होतं.

इर्शादकडचं कार्ड जुनं होतं, एका बंद पडलेल्या गेमिंग कॅफेतून आणलेलं. एकेक मीटरचे चौकोन पाडले की नकाशा त्याच्या मेमरीत मावेना. दहा-दहा मीटरचे पाडले तेव्हा मावला. पण चाचांची गल्ली तीन मीटरही रुंद नव्हती. एका चौकोनात गोदाम, गल्ली, गिरणीची अर्धी भिंत आणि ओढ्याचा काठ, सगळं एक होऊन बसलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिलं उत्तर आलं. ते सांगायला आम्ही कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. चाचा तंबोऱ्याचा गळा घासत होते. गुरवकाका चहाचा कप घेऊन बाकावर बसले होते.

"तीन फूट," इर्शाद म्हणाला.

चाचांचा हात थांबला. "नक्की?"

इर्शादनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "तीन फूट इकडंतिकडं धरून, चाचा."

"म्हंजे?"

"म्हणजे काहीच नसेल किंवा सहा फूटही असेल. त्याच्या मधलं काहीतरी."

गुरवकाकांनी चहा बशीत ओतला. "एवढं तर मीबी सांगतो. त्याला कॉम्प्युटर कशाला? येईल न्हाईतर न्हाई येणार."

चाचाही हसले, पण लेकाकडे बघून लगेच थांबले. इर्शादचे कान लाल झाले होते. "हे जुन्या कार्डाचं उत्तर आहे, काका. नवी पिढी येतेय. मेमरी तिप्पट. अख्खं गाव मीटर-मीटरनं मावतंय त्यात. ते येऊ दे, तुमच्या गिरणीच्या जात्यापाशी किती आणि अब्बांच्या गोदामात किती, इंचात सांगतो."

"इंचात?" चाचा म्हणाले.

"इंचात."

"मग ठरलं. हलवायचे का न्हाई, ते तुझं मशीन सांगंल."

गुरवकाका गिरणीवाले होते. सकाळी त्यांच्यापाशी बोललेलं संध्याकाळपर्यंत पिठाच्या डब्यांतून घराघरात पोहोचायचं. दोन दिवसांत सगळी गल्ली विचारायला लागली, "कार्ड आलं का?"

दुसरा एक रस्ता होता. नकाशाचे तुकडे पाडून, एकेक तुकडा जुन्या कार्डावर चालवून, शेवटी कडा जुळवायच्या. इर्शादनं हिशोब केला, मी तपासला. मधे वीज जाईल तेही धरून सहा आठवडे. नवं कार्ड जूनअखेर बाजारात येणार, असं कंपनीनंच जाहीर केलं होतं. म्हणजे दोन-अडीच आठवडे थांबायचं, आणि त्यावर उत्तर दोन दिवसांत.

"थांबलेलं लवकर पोचतंय," इर्शाद म्हणाला. हिशोब बरोबर होता.

त्या दिवसांत तो सकाळी उठून आधी मोबाइलवर कार्डाच्या बातम्या बघायचा. कुठल्या तरी देशातल्या कारखान्यात कुणीतरी चोरून काढलेला खोक्याचा अंधूक फोटो, कुणीतरी फोडलेले आकडे. पंखे तीन असतील की दोन, यावर तो माझ्याशी तासभर बोलायचा. चाचा मधूनच यायचे, चष्मा कपाळावर चढवून तो फोटो बघायचे.

"हे काय, पेटारा हाय का कार्ड?"

"आत कार्ड आहे, अब्बा."

"दाखवत का न्हाईत मग? नवरीवानी झाकून ठेवलंय." आणि मला म्हणायचे, "पोरी, तुमच्यात पण असंच का? सोयरीक ठरली, पण मुलगी दिसंना."

जूनच्या शेवटच्या दिवशी बातमी आली, कार्ड जुलैअखेर येणार. आम्ही पुन्हा हिशोब केला. आज जुन्या कार्डावर सुरू केलं तर सहा आठवडे, म्हणजे ऑगस्टचा मध्य. नव्याला चार आठवडे आणि दोन दिवस. थांबणंच बरोबर होतं. मी म्हणाले, इंटरनेटवरून मोठं मशीन भाड्यानं मिळतं. इर्शाद म्हणाला, "तिथंही याच पिढीची कार्डं आहेत. आणि सगळा नकाशा इथून चढवायला आपली लाइन आठवडा घेईल. महिन्यावर तर आलंय."

जुलैच्या शेवटी तारीख पुन्हा पुढं गेली, ऑगस्टअखेर. तिसऱ्यांदा हिशोब केला. तोही बरोबर आला.

त्या संध्याकाळी मी निघाले तेव्हा चाचा गोदामाच्या दारात उभे होते. ओढ्याचं पाणी खिडकीखाली चार-पाच फुटांवर होतं, गढूळ. धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी होती.

"काय म्हणतंय कार्ड?" त्यांनी विचारलं.

"अजून महिना, चाचा."

"महिना." त्यांनी दाराची कडी एकदा उघडली, परत लावली. "भोपळा वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. मशीनलाबी लागत असंल."

"तोवर हलवून ठेवूया का?" मी विचारलं.

त्यांनी गल्लीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मशीन सांगंल की."

ऑगस्टच्या पाचव्या दिवशी सकाळी रिक्षावर भोंगा लावून नगरपालिकेचा माणूस गल्लीतून फिरला. दुपारपर्यंत घरं सोडा. पुलाच्या खांबावर त्रेचाळीस फूट होतं आणि दर तासाला चढत होतं. टेंपो कुठलाच मिळेना. सगळे लोकांचे संसार, म्हशींचा चारा आणि पिठाची पोती वाहत होते. इर्शादनं तीन ठिकाणी फोन केले आणि शेवटी सायकल घेऊन स्टँडवर गेला. तासाभरानं हात हलवत परत आला.

तयार तंबोरे आणि सतारी आधी निघाल्या, त्या लोकांच्या होत्या. मग आम्ही भोपळे हातानं न्यायला सुरुवात केली. एका वेळी माणसाला दोन. टेकावरची वखार सव्वा किलोमीटर. इर्शादची आई चादरीत बांधून पाठीवर घ्यायची. चाचा फक्त तंबोऱ्याचे उचलत होते, एकेक, तान्ह्या पोरासारखे छातीशी धरून. चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला गल्लीत गुडघाभर पाणी होतं आणि पोलीस आत सोडेनात.

वखारीत सत्तावीस भोपळे पोहोचले. दोन वाटेत तडकले होते. तंबोऱ्याच्या वीसपैकी चारच आले.

पुलाच्या खांबावर पाणी एक्कावन्न फुटांपर्यंत गेलं आणि सहा दिवस तिथंच घुटमळलं. शाळेच्या वर्गात आम्ही सगळे एकत्र होतो. माझंही घर खालच्याच अंगाला. गुरवकाका एकदाही कार्डाबद्दल बोलले नाहीत. इर्शाद खिडकीशी बसायचा आणि मोबाइल बंद ठेवायचा. विचारलं तर म्हणायचा, चार्जिंग वाचवतोय.

पाणी उतरल्यावर गोदामाचं दार उघडेना. आतून काहीतरी दाबून बसलं होतं. इर्शादनं आणि मी खांदा लावला. दार वीतभर सरकलं आणि फटीतून एक भोपळा चिखलावर घरंगळत बाहेर आला.

वाळलेला भोपळा पाण्यावर तरंगतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण तेव्हा डोळ्यांसमोर आलं नव्हतं. मांडण्या आडव्या पडल्या होत्या. भोपळे सहा दिवस अंधारात एकमेकांवर आपटत तरंगले आणि पाणी उतरेल तसे जिथं जागा मिळाली तिथं बसले. सगळ्यांना चिखलाचा एकच रंग. हात लावला की साल मऊ लागायची, बोट रुतायचं. वास आंबलेल्या ताकासारखा.

चाचा आत आले. उकिडवे बसले, जवळचा भोपळा उचलला, बाहीनं पुसला आणि पेरानं टकटक केलं. आवाज आला नाही. त्यांनी तो डावीकडे ठेवला. दुसरा घेतला. डावीकडे. इर्शाद उभाच होता.

"चौदा जूनला सुरू केलं असतं," तो कुणाकडेही न बघता म्हणाला, "अधिक सहा आठवडे. सव्वीस जुलै."

चाचांनी आणखी एक भोपळा वाजवला. "पाणी आण जा रं बादलीभर. हे धुवायला लागतील."

इर्शाद बादली घेऊन गेला. टँकर चौकात उभा होता, रांग मोठी होती. मी चाचांसमोर बसले आणि भोपळे पुसून त्यांच्या हातात द्यायला लागले.

"टेंपो सांगितला हुता मी," ते म्हणाले.

"कधी?"

"जूनमधी. तुम्ही तीन फूट म्हणालात, त्याच्या आदल्या आठवड्यात. गवताच्या पेंढ्याबी सांगितल्या हुत्या. एकवीस जातील तर जाऊ द्यात, असं म्हणलं हुतं मी तुझ्या चाचीला."

मी पुढचा भोपळा पुसायला घेतला.

"मग?"

"मग ह्यानं गुरवाच्या म्होरं म्हणलं, इंचात सांगतो." त्यांनी माझ्या हातातून भोपळा घेतला. "सगळ्या गल्लीला ठावं झालं. दस्तगीरचं पोरगं सांगणार. लोक मला थांबवून विचारायला लागले गं. माझ्या पोराचं कुणी असं कवा विचारलं नव्हतं. तंबोरा काय त्याला जमला न्हाई, कान न्हाई त्याला. आणि आता बापानंच भोपळे उचलून वखारीत नेले, तर गल्ली काय म्हणंल? बापाचाच इस्वास न्हाई. म्हणून टेंपोवाल्याला नगं म्हणलं."

"पण जुलैत मी विचारलं तेव्हा—"

"तवा तर सगळेच वाट बघत हुते." त्यांनी भोपळा वाजवला, कान लावला. हा पहिला, ज्याला ते दुसऱ्यांदा वाजवून बघत होते. मग तोही डावीकडे गेला. "इर्शादला बोलू नगंस ह्यातलं."

"नाही बोलणार."

इर्शाद बादली घेऊन आला तेव्हा आम्ही दोघं गप्प होतो. त्याला वाटलं, भोपळ्यांमुळे. त्यानं बादली ठेवली, बाही वर केली आणि वडिलांच्या शेजारी बसून धुवायला लागला. संध्याकाळपर्यंत उजव्या बाजूला अकरा भोपळे जमले.

मी त्याला सांगितलं नाही. पुढं त्याला हैदराबादला नोकरी लागली, मला पुण्यात. फोनवर आम्ही खूप गोष्टी बोललो, ही नाही. चाचा आता नाहीत. त्यांनी त्या अकरांतल्या एका भोपळ्याचा तंबोरा केला होता, तो शेवटपर्यंत विकला नाही.

कार्ड त्याच वर्षी, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. खोकं इर्शादनं दोन दिवस उघडलंच नाही. मी गेले तेव्हा ते कारखान्यातल्या बाकावर तसंच होतं, सेलोटेपसकट, वर सतारीच्या खुंट्यांचा डबा ठेवलेला.

"परत पाठवतो," तो म्हणाला. "सात दिवसांत घेतात."

चाचा कानस खाली ठेवून उठले. त्यांनी खुंट्यांचा डबा उचलून बाजूला ठेवला, पटाशीनं सेलोटेप कापला आणि खोकं त्याच्याकडे सरकवलं.

"अब्बा, आता काय उपयोग त्याचा?"

"इंचात म्हणला हुतास."

"पूर येऊन गेला."

"गेला की. पण माझं उत्तर कुठं आलंय?"

इर्शादनं कार्ड बाहेर काढलं. पंखे तीन होते. चाचांनी ते दोन्ही हातांत घेऊन वजन बघितलं, उलटं करून बघितलं आणि परत दिलं. "जड हाय," म्हणाले. "बसव."

जुनं कार्ड काढून नवं बसवायला अर्धा तास लागला. मीटर-मीटरचा नकाशा चढवला, अख्खा मावला. अठ्ठेचाळीसच्या जागी एक्कावन्न फूट लिहिलं, धरणाच्या विसर्गाचे खरे आकडे भरले आणि इर्शादनं बटण दाबलं. पंख्यांचा आवाज सुरू झाला. चाचा परत तंबोऱ्याचा गळा घासायला बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. मी पोहोचले तेव्हा तो पडद्यासमोर बसला होता आणि चाचा त्याच्या खुर्चीमागं उभे होते, चष्मा डोळ्यांवर. चाचांनी खिशातून मोजपट्टी काढून माझ्या हातात दिली.

गोदाम रिकामं होतं, धुतलेलं. भिंतीवर पाण्याची रेघ चारही बाजूंनी सारखी उमटली होती, पेन्सिलनं आखल्यासारखी. मी पट्टीचं टोक फरशीला टेकवलं, दुसरं वर नेलं, तीन ठिकाणी मोजलं आणि परत आले.

"सांग," चाचा म्हणाले.

भिंतीवर चार फूट सात इंच. पडद्यावर चार फूट पाच इंच.